आवाज एकीचा, नाव दुसरीचं



दोन-तीन आठवड्यांपूर्वी एका वाचक भगिनीचं पत्र आलं. लग्नाआधी गाण्याच्या परीक्षा दिलेल्या. मग संसार, सासूबाईंचं आजारपण, मुलांच्या शाळा. पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. आता बेचाळीसावं सरलं, पेटी खाली काढावी असं फार वाटतं, पण लोक काय म्हणतील आणि गळा राहिला असेल का, असं तिने विचारलंय. मी तिला काय सांगणार? मला गाण्यातलं कळतं ते ऐकण्यापुरतं. पण तिचं पत्र वाचल्यापासून एक अमेरिकन बाई माझ्या डोक्यातून जात नाही. तिची हकीगत आज सांगते. थोडी लांबेल, तेव्हा कुकर उतरवूनच वाचायला बसा.

बाईचं नाव डार्लीन लव्ह. जन्म २६ जुलै १९४१ चा, लॉस एंजेलिसचा. माहेरचं नाव डार्लीन राइट. घर कृष्णवर्णीय, वडील धर्मोपदेशक. आपल्याकडे भजनी मंडळातून गाणं घरात येतं ना, तसं तिच्याकडे ते चर्चमधून आलं. शाळेत होती तेव्हाच ‘ब्लॉसम्स’ नावाच्या मुलींच्या गटात तिला बोलावणं आलं.

त्या सुमाराला अमेरिकेत अशा गटांचं अगदी पीक आलं होतं. तीन-चार मुली, कपडे एकसारखे, केस फुगवलेले. एक पुढे उभी राहून गाणार, बाकीच्या मागे सूर धरणार. ब्लॉसम्सच्या मुली मात्र लोकांना फारशा दिसत नसत. त्यांचं काम स्टुडिओतलं. दुसऱ्या कुणाचं गाणं असायचं, यांनी मागे कोरस द्यायचा, ठरलेले पैसे घ्यायचे आणि घरी जायचं. १९६२ मध्ये शेली फॅबारे या नटीचं ‘जॉनी एंजल’ पहिल्या क्रमांकावर गेलं, त्यात मागे याच मुली. पुढे १९६६ मध्ये फ्रँक सिनात्राच्या ‘दॅट्स लाइफ’मध्येही याच. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत कृष्णवर्णीय मुलींना असं काम तोवर जवळजवळ मिळतच नसे, हेही लक्षात ठेवा. सकाळी एकाकडे, दुपारी दुसऱ्याकडे अशी त्यांची धावपळ चाले.

आता यात एक माणूस येतो. फिल स्पेक्टर. वय अवघं बावीस, पण स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढून बसलेला. त्याचं डोकं विलक्षण होतं, यात शंका नाही. हॉलिवूडमधल्या गोल्ड स्टार नावाच्या स्टुडिओत एकाच खोलीत दोन-दोन, तीन-तीन पियानो, ढीगभर गिटारी अशी गर्दी करून तो सगळं एकदम वाजवायला लावी. त्यातून जो भरगच्च नाद निघे त्याला ‘वॉल ऑफ साउंड’, म्हणजे नादाची भिंत, असं नाव पडलं. असल्या भिंतीपलीकडे ऐकू जाणारा आवाज कुठून आणायचा? डार्लीनचा तसा होता.

१९६२ च्या उन्हाळ्यात स्पेक्टरच्या हाती ‘ही इज अ रिबेल’ नावाचं गाणं आलं. दुसरी एक कंपनीही तेच गाणं काढण्याच्या बेतात होती, तेव्हा घाई करणं भाग होतं. स्पेक्टरच्या कंपनीतला गाजलेला गट म्हणजे ‘क्रिस्टल्स’. त्या मुली तिकडे न्यूयॉर्कच्या बाजूला, हजारो मैल दूर. स्पेक्टर लॉस एंजेलिसला आला, ब्लॉसम्सना बोलावलं, मुख्य आवाज डार्लीनचा घेतला आणि रेकॉर्डवर छापलं, ‘क्रिस्टल्स’. नोव्हेंबरमध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. बिचाऱ्या खऱ्या क्रिस्टल्सना आपण न गायलेलं गाणं शिकून स्टेजवर म्हणावं लागलं! म्हणजे या मुलींचं गाणं गेलं आणि त्या मुलींचं नाव वापरलं गेलं. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते असं.

तुम्हाला हे परक्या देशातलं अघटित वाटू नये म्हणून सांगते. आपल्याकडे १९४९ मध्ये ‘महल’ आला, तेव्हा ‘आएगा आनेवाला’च्या तबकडीवर लताबाईंचं नाव नव्हतं, चित्रपटातल्या पात्राचं, ‘कामिनी’ असं नाव होतं. लोकांनी रेडिओवाल्यांना विचारून विचारून भंडावलं, तेव्हा कुठे गाणारी कोण ते बाहेर आलं.

पण डार्लीनच्या बाबतीत मला एक फरक करावासा वाटतो. ‘ही इज अ रिबेल’च्या वेळी तिला ठाऊक होतं. मोबदला ठरला होता, तिने तो घेतला होता. नाव दुसऱ्यांचं लागणार हे मान्य करूनच ती गायली. गाणं एवढं चालेल असं तिला वाटलं नव्हतं, इतकंच. त्याला मी फसवणूक म्हणणार नाही; सौद्यात कमी पडली म्हणेन. फसवणूक झाली ती पुढच्या खेपेला.

पहिल्या गाण्याचं यश पाहून ती शहाणी झाली. स्पेक्टरशी रीतसर करार केला, आता गाणं माझ्या नावावर निघेल या भरवशावर ‘ही इज शुअर द बॉय आय लव्ह’ गायली. मग एके दिवशी रेडिओवर निवेदकाने सांगितलं, ऐका क्रिस्टल्सचं नवं गाणं. आणि लागलं हेच! तिला कुणी सांगायचीही तसदी घेतली नव्हती.

ही जागा वाचताना माझा हात थांबला. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. एका वर्षी गॅदरिंगचं नाटुकलं लिहिण्यापासून मुलांच्या मिशा रंगवण्यापर्यंत सगळं मी केलं, आणि कार्यक्रमपत्रिकेवर दिग्दर्शक म्हणून नाव कायमच्या नोकरीतल्या एका बाईंचं. मी गप्प बसले. घरी येऊन यांच्यापाशी रागावले, पोळ्या जरा जोरात लाटल्या. तेवढंच. डार्लीनचा प्रश्न माझ्यापेक्षा हजारपटीने मोठा, पण ती चुटपूट ओळखीची वाटली.

त्या दीड-दोन वर्षांत तिचा आवाज किती नावांनी फिरला बघा. क्रिस्टल्स झालं, ‘बॉब बी. सॉक्स अँड द ब्लू जीन्स’ हा आणखी एक गट. आणि अखेर १९६३ मध्ये ‘डार्लीन लव्ह’. हे आडनावही स्पेक्टरनेच सुचवलेलं. तिच्या आवडत्या डोरोथी लव्ह कोट्स या भजनं गाणाऱ्या गायिकेच्या नावात ते होतं, म्हणून तिने घेतलं. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांत नवं नाव लिहितात, तेव्हा कितीजणींना विचारलेलं असतं? हिला निदान आवडलं तरी! त्या नावाने दोन-तीन गाणी निघाली, बरी चालली, पण पहिल्या क्रमांकाच्या आसपासही गेली नाहीत.

त्याच वर्षी स्पेक्टरने नाताळच्या गाण्यांची एक मोठी रेकॉर्ड केली. ध्वनिमुद्रण झालं ते ऐन उन्हाळ्यात. त्यात ‘ख्रिसमस, बेबी प्लीज कम होम’ हे गाणं आधी ‘रॉनेट्स’ गटातल्या रॉनीकडून घ्यायचं होतं. पण त्याला लागणारा जोर तिच्या गळ्यातून येईना, म्हणून ते डार्लीनकडे आलं. सण आहे, रोषणाई आहे, सगळे जमलेत, पण ज्याने यायचं तोच नाही, असा त्याचा भाव. डार्लीनने ते चर्चमध्ये हाक घालावी तसं म्हटलंय. रेकॉर्ड बाजारात आली २२ नोव्हेंबर १९६३ ला. तारीख ओळखीची वाटली ना? त्याच दिवशी अध्यक्ष केनेडींची हत्या झाली. सुतकात सणाची गाणी कोण विकत घेणार? रेकॉर्ड त्या वर्षी पडूनच राहिली.

पुढची वर्षं मी भराभर सांगते. ब्लॉसम्स ‘शिंडिग’ नावाच्या टेलिव्हिजन कार्यक्रमात दर आठवड्याला दिसू लागल्या. १९६८ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीच्या गाजलेल्या कार्यक्रमात त्याच्या मागे उभ्या राहिल्या. सत्तरच्या दशकात डार्लीन डिऑन वॉरविकच्या दौऱ्यांत कोरस देत हिंडली. मध्ये एकदा फिलाडेल्फियाच्या एका नामांकित कंपनीशी तिने करार केला. आता तरी सुटका झाली असं वाटतं न वाटतं, तोच त्या कंपनीने तिचा करार परत स्पेक्टरलाच विकला. माणसाचा करार असा सायकल विकल्यासारखा विकता येतो, हे मला यातूनच कळलं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कामं आटली. पदरी मुलं, संसार विस्कटलेला. तेव्हा या बाईने बेव्हर्ली हिल्समधल्या श्रीमंतांच्या घरी साफसफाईची कामं धरली. कष्टात कमीपणा नाही, तसा तो तिनेही मानला नाही. आणि नाताळच्या दिवसांत, एका घरी बाथरूम घासत असताना, रेडिओवर तेच नाताळचं गाणं लागलं. ज्या घरात गाणं वाजत होतं तिथे ते गाणारीच हातात घासणी घेऊन उभी. तिने पुढे अनेकदा सांगितलंय की आपली जागा ही नाही, आपण गायला हवं, हे तिला त्या क्षणी लख्ख समजलं.

तेव्हा ती चाळिशीत होती, बरं का. गाण्याच्या धंद्यात, तेही तिकडे, चाळिशीची बाई म्हणजे म्हातारीच! पण तिने ओळखीपाळखी धुंडाळल्या, छोट्या क्लबांतून गायला सुरुवात केली. गिटार वाजवणारा स्टीव्हन व्हॅन झँट तिच्या आवाजाचा जुना भक्त, तो तिच्या पाठीशी उभा राहिला. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘लीडर ऑफ द पॅक’ या संगीत नाटकात तिला काम मिळालं. त्या नाटकात ती नाताळचं गाणं म्हणे. ते ऐकून टेलिव्हिजनवाल्या डेव्हिड लेटरमनने तिला १९८६ मध्ये आपल्या कार्यक्रमात बोलावलं, आणि मग रिवाजच पडला. नाताळ आला की डार्लीनने येऊन हे गाणं म्हणायचं. मध्ये २००७ ला लेखकांच्या संपामुळे जुनंच दाखवावं लागलं, एरवी २०१४ पर्यंत हे चाललं. ‘लेथल वेपन’ या चित्रपटात (१९८७) पोलिसाची बायको झालेली तीच. सगळंच जमलं असं मात्र नाही. १९८८ मध्ये ‘कॅरी’ नावाच्या नाटकात होती, ते पाच प्रयोगांत गुंडाळलं.

आणि १९९३ मध्ये तिने स्पेक्टरवर दावा लावला. तीस वर्षांपूर्वीच्या गाण्यांची रॉयल्टी आपल्याला मिळाली नाही, म्हणून. १९९७ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, रक्कम दोन लाख त्रेसष्ट हजार डॉलरच्या आसपास. पण मुदतीच्या कायद्यामुळे १९८७ नंतरच्याच वर्षांचा हिशेब धरला गेला. त्याआधीची वर्षं बुडाली ती बुडाली. तीच गत रॉनेट्सची. १९६३ च्या करारानंतर एकदा सुमारे पंधरा हजार डॉलर हाती पडले, मग काही नाही. त्याही कोर्टात गेल्या. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या वरच्या कोर्टाने सांगितलं की रेकॉर्डच्या विक्रीवरचा वाटा द्या, पण सिनेमा-जाहिरातीत गाणं वापरल्याचे पैसे मागता येणार नाहीत, कारण करारात तो हक्क तुम्ही राखून ठेवलेला नाही. मुलींनी सही केली तेव्हा गाणी सिनेमात, जाहिरातीत जातील हे कुणाच्या डोक्यात होतं! म्हणून एक सांगते. तुमच्यापैकी कुणी शिवणकाम घेतं, कुणी मसाले पुरवतं, कुणी शिकवणीच्या वह्या लिहून देतं. सही केलेल्या कागदाची एक प्रत आपल्याकडे हवीच, आणि हिशेब थकला तर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नका. मुदत कुणासाठी थांबत नाही.

स्पेक्टरचं पुढे काय झालं? २००३ मध्ये त्याच्या घरी एका नटीचा गोळी लागून मृत्यू झाला, २००९ मध्ये खुनाबद्दल शिक्षा झाली आणि कैदेतच २०२१ मध्ये तो वारला. त्याच्या गाण्यांची भव्यता मी नाकारत नाही. पण त्या भिंतीत ज्यांना चिणलं त्यांची आठवण आल्याशिवाय मला ती ऐकवत नाहीत.

२०११ मध्ये रॉक संगीताच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये डार्लीनचा समावेश झाला, तोही तिच्या स्वतःच्या नावाने. मागे उभं राहून गाणाऱ्या बायकांवर ‘२० फीट फ्रॉम स्टारडम’ नावाचा माहितीपट २०१३ मध्ये आला, त्यात ती मुख्य. त्याला ऑस्कर मिळालं तेव्हा ती व्यासपीठावर गेली आणि एका भक्तिगीताची ओळ गाऊन मोकळी झाली. सभागृह उभं राहिलं. २०१५ मध्ये व्हॅन झँटने तिचा नवा अल्बम काढला. चौऱ्याहत्तरीतल्या बाईच्या त्या अल्बमचं नाव काय, तर ‘इंट्रोड्यूसिंग डार्लीन लव्ह’. म्हणजे, ओळख करून देतोय, ही डार्लीन लव्ह! मला हसूही आलं आणि डोळेही भरले.

‘ही इज अ रिबेल’वर अजूनही नाव क्रिस्टल्सचंच असतं. कुठे कानावर पडलं तर घरातल्यांना सांगा, हिचं नाव डार्लीन.

आणि पत्र लिहिणाऱ्या भगिनीला: पेटी माळ्यावरून उतरवलीत की लगेच भाता जोरात ओढू नका. इतक्या वर्षांत कातडं कडक होतं, चिरतं. आधी कोरड्या फडक्याने पुसा, झुरळांनी आत घर केलंय का ते बघा, आणि पेटी दुरुस्त करणाऱ्याला एकदा दाखवा. काही सूर धुळीने बसलेले असतात, ते तो मोकळे करून देईल. खर्च आधी विचारून घ्या. आणि लागली की कळवा.