वही मुलाची, अक्षर आईचं!

मैत्रिणींनो, रात्री १० वाजता पुठ्ठ्याचा किल्ला आपणच चिकटवतो आणि बाईंच्या नावानं बोटं मोडतो. परवा एका बाईंना विचारलंच. त्या म्हणाल्या, "अहो ताई, गृहपाठ कमी दिला की पालकच भांडायला येतात!" खरंय हो. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्यातून जास्तीत जास्त २ तास. तरी पहिलीतली पोरं पानं भरताहेत. "आईचं अक्षर आम्हाला कळतं," बाई हसल्या. मी मात्र गप्प झाले. मी जाते त्या वस्तीत धुणंभांडी करून दमलेल्या आईच्या लेकीला कोण लिहून देणार? कोऱ्या वहीपायी वर्गात तीच उभी राहते. पुढच्या पालकसभेत "गृहपाठ वाढवा" म्हणण्याआधी तिची वही एकदा मागून बघा.