परवाना परदेशाचा, सवय घरची

यवतमाळ, वणी, पुसद येथून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. तेथे मोटार चालवावयाची असेल, तर निघण्यापूर्वी परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना काढला जातो. १९४९ च्या जिनीव्हा करारानुसार मिळणारा हा परवाना एका वर्षापुरता असतो, आणि मूळ भारतीय परवाना सोबत नसल्यास त्याला अर्थ उरत नाही. चीनमध्ये तो चालत नाही. ब्रिटनमध्ये पाहुण्यास भारतीय परवान्यावरच बारा महिने मोटार चालविता येते. अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतात. तेव्हा जेथे जावयाचे, तेथील कायदा आधी पाहणे ही पहिली दक्षता होय.

दुसरी दक्षता सवयीची. अमेरिकेत व युरोपातील बहुतेक देशांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. सरळ रस्त्यावर हे ध्यानात राहते. घोटाळा होतो तो वळताना, किंवा पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर मोटार काढताना. अमेरिकेत शाळेची बस थांबून तिचे तांबडे दिवे लुकलुकू लागले की मागून येणाऱ्यानेच नव्हे, तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर सामान्यतः समोरून येणाऱ्यानेही थांबावयाचे असते. जर्मनीच्या महामार्गावर वाहतूक तुंबू लागताच रुग्णवाहिकेसाठी मधून वाट मोकळी ठेवावी लागते.

हे सारे नवागत थोड्याच दिवसांत आत्मसात करतो. मात्र तोच तरुण सुट्टीत गावी परततो आणि दुसऱ्याच दिवशी हेल्मेटविना, उलट दिशेने दत्त चौकाकडे निघतो. याला बेशिस्त स्वभाव म्हणावे, तर तो स्वभाव परदेशात कोठे गेला होता?

याचे उत्तर नीतिशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात अधिक सापडते. गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये मांडले की, नियम मोडणारा मनुष्य शिक्षेची तीव्रता आणि पकडले जाण्याची शक्यता या दोहोंचा हिशेब करीत असतो. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना वाहन चालविण्याचा दंड ५०० रुपयांवरून ५,००० रुपये झाला. दंड दहापट वाढला; पकडले जाण्याची शक्यता दहापट वाढली काय? जर्मनीत गंभीर चुकांचे गुण नोंदले जातात, आणि आठ गुण भरताच परवाना जातो. फिनलंडमध्ये बेफाम वेगाचा दंड उत्पन्नाच्या प्रमाणात आकारतात. २०२३ मध्ये एका धनिकास १ लाख २१ हजार युरो भरावे लागले. तेथे ओळखीने वा पैशाने सहज सुटता येत नाही, म्हणून नियम सवय बनतो.

आपले रस्तेच वाईट, हा आक्षेप पूर्वी खरा होता आणि अनेक ठिकाणी आजही आहे. परंतु पांढरकवड्यावरून पैनगंगेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आता चौपदरी आहे. रस्ता सुधारला की वेग वाढतो; आणि त्याच रस्त्यावर हंगामात कापसाने भरलेली बैलगाडी व मागचा दिवा नसलेली ट्रॉली चालत असते. सुधारलेला रस्ता अशा वेळी शिस्तीची गरज कमी करीत नाही, उलट वाढवितो. देशात २०२२ या एकाच वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांतील कित्येक घरांतील कर्ता पुरुष गेला. ही हानी दंडाच्या कोणत्याही रकमेने भरून येणारी नाही.

म्हणून परवान्याची चाचणी ही खरोखरीची चाचणी व्हावी, आणि दंड मोठा असण्यापेक्षा अटळ असावा. ही शासनाची बाजू झाली. नागरिकाची बाजू अधिक सोपी आहे. परक्या देशातील अनोळखी मुलांसाठी जो शाळेच्या बसमागे मुकाट्याने थांबतो, त्याने आपल्याच गावच्या मुलांसाठी शाळेपुढे वेग कमी करावा. त्यासाठी कोणत्याही नव्या परवान्याची आवश्यकता नाही.