खरखर आणि सूर

“जुन्या तबकड्यांत ऐकण्यासारखे काय उरले आहे? नुसती खरखर!” असे म्हणून वाडवडिलांचा गाण्यांचा ठेवा भंगारात काढणारी मंडळी थोडी नाहीत. आवाज जितका स्वच्छ तितके संगीत श्रेष्ठ, ही समजूत महागड्या यंत्रांबरोबर आपल्या घरांत शिरली आहे. ती रसिकतेची नव्हे, ऐपतीची खूण आहे.

1902 साली कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायिकेने कर्ण्यात गायचे, त्याने पडदा थरथरायचा आणि सुईने मेणावर रेघ कोरायची. विजेवरील ध्वनिमुद्रण आले ते 1925 मध्ये. तोवर खोल खर्जातले आणि फार उंच ध्वनी त्या रेघेत उतरतच नसत. वेळही एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचा. एवढे हरवूनही सुराचा लगाव, तानेचा ओघ, समेवर येण्याची ऐट टिकून राहिली. गाण्याचा प्राण याहून वेगळा कुठे असतो?

गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. त्याच सोनेरी तबकडीवर अमेरिकेतील ब्लाइंड विली जॉन्सन यांचे 1927 चे मुद्रणही आहे. निवड करणाऱ्यांना त्या काळी झुळझुळीत स्टीरिओ मुद्रणांची का वाण होती? तरीही मानवजातीच्या वतीने बोलायला त्यांनी हे जुने आवाज निवडले.

मग दर्जाला काहीच किंमत नाही का? आहे, आणि ‘भाव महत्त्वाचा’ म्हणून हात झटकणाऱ्यांनाही हे सुनावले पाहिजे. आरंभीच्या तबकड्या नेमक्या 78 फेऱ्यांवरच कोरलेल्या असत असे नाही. 74 फेऱ्यांवर कोरलेली तबकडी 78 वर फिरवली की षड्ज जवळजवळ अर्धा स्वर वर सरकतो, लय धावू लागते आणि घनगंभीर आवाज पोरकट वाटतो. खरखर पुसण्याच्या नादात आवाजातील बारीक स्वरकंपही पुसले जातात, तेव्हा उरते ते गुळगुळीत कलेवर. खरखर ही उणीव आहे. कान तिला पाहता पाहता सरावतात. चुकीची गती आणि अतिरेकी सफाई हा मात्र विपर्यास आहे, आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून दर्जाची कसोटी एकच : मुद्रण गायकाशी इमान राखते की नाही? लाखेच्या तबकड्या ठिसूळ असतात. एकदा फुटल्या की फुटल्या. तेव्हा त्या जपा, योग्य गतीने त्यांची प्रत करून घ्या, आणि सफाई करायचीच तर मूळ प्रत तशीच राखून मग करा. खरखरीमुळे कान झाकून घेणाऱ्याला उद्या निःशब्द खोलीतही सूर सापडणार नाही.