येवल्याचे तात्या आणि व्हरमाँटची यंत्रे

१८५७ म्हटले की काडतुसांवरील चरबी आठवते. ती एन्फिल्ड रायफल घडवणारी यंत्रे कोठून आली, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

१८५१ च्या लंडन प्रदर्शनात व्हरमाँटच्या रॉबिन्स अँड लॉरेन्स कंपनीने अशा रायफली मांडल्या, की एकीचा सुटा भाग दुसरीत चपखल बसावा. इंग्रज थक्क झाले. १८५४ मध्ये त्यांचे पथक अमेरिकेतील शस्त्रकारखाने पाहून आले; एन्फिल्डसाठी यंत्रे तिकडूनच मागवली, मुख्य अभियंता जेम्स बर्टनही अमेरिकनच. (रॉबिन्स अँड लॉरेन्सचे मात्र एन्फिल्ड रायफलींच्याच कंत्राटात दिवाळे निघाले!) यंत्रांवर भरघोस उत्पादन सुरू झाले, ते उठावाच्याच सुमारास.

येवल्यात जन्मलेल्या तात्या टोपे यांच्या पराभवाचे सारे खापर फितुरीवर फोडणे सोपे आहे. मानसिंहाने त्यांना पकडून दिले, हे खरेच. परंतु १ एप्रिल १८५८ रोजी बेटवेकाठी सैन्य कितीतरी मोठे असूनही ते हरले, तेथे फितुरीचे उत्तर अपुरे पडते. उठाववाल्यांकडे प्रामुख्याने गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुका होत्या आणि गमावलेली प्रत्येक बंदूक भरून काढणारा कारखाना त्यांच्यामागे नव्हता.

पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना बंदूक बाळगणेच गुन्हा ठरले. त्याच दशकात अमेरिकेत विंचेस्टरची १८७३ ची रायफल दुकानात विकत मिळत होती.