कोलंबियाचं नाव आणि बडोद्यातली खोली

आमच्या होस्टेलवर सध्या जीआरईचा सीझन आहे. मेसमध्ये भाकरी मोडता मोडता रँकिंगची चर्चा चालते. परवा एकजण म्हणाला, "चिनी पोरं जातात तीच युनिव्हर्सिटी पकडायची. ती लोकं चौकशी करूनच जातात." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला काही ते पटलं नाही.

न्यूयॉर्कच्या कोलंबियाचंच घ्या. चीनमध्ये तिचं नाव झालं तेव्हा असल्या याद्या नव्हत्याच. हू शी नावाचा तरुण १९१५ ते १९१७ तिथे जॉन ड्युईंकडे तत्त्वज्ञान शिकत होता. 'पंडिती भाषा सोडा, बोलतो त्या भाषेत लिहा' असं सांगणारा त्याचा लेख जानेवारी १९१७ मध्ये चीनमध्ये छापून आला, तेव्हा स्वारी न्यूयॉर्कलाच होती. (मराठी विभागात लिहिणाऱ्याला हे वाचून बरं वाटतं!) पुढे १९१९ मध्ये खुद्द ड्युई चीनला गेले, दोन वर्षं शहरोशहरी व्याख्यानं दिली. बऱ्याच ठिकाणी दुभाषी हू शीच.

त्याच ड्युईंच्या वर्गात आपले बाबासाहेबही बसले. ते कोलंबियात १९१३ ते १९१६ होते, म्हणजे वर्षभर हे दोघे एकाच आवारात. दोघेही स्कॉलरशिपवर. बाबासाहेबांची बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची, हू शीची अमेरिकेने चीनला परत केलेल्या दंडाच्या पैशातली.

तिथे लिव्हिंग्स्टन हॉल या होस्टेलमध्ये बाबासाहेबांचे रूम पार्टनर होते नवल भथेना, पारशी. आणि १९१७ मध्ये करारानुसार बडोद्याला नोकरीवर आले, तर राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात! कोलंबियाची एम.ए. हातात होती. काय उपयोग झाला तिचा?

आज सोलापुरात शाळेची पायरी न चढलेल्या आजीबाईलाही 'कोलंबिया' शब्द माहीत असतो. तो तिला कुठल्या रँकिंगने शिकवला नाही, १४ एप्रिलच्या भाषणांनी शिकवला. विद्यापीठाने बाबासाहेबांना मोठं केलं म्हणतात. आपल्या गावापुरतं तरी मला उलटंच दिसतं.

आणि आपण? अमेरिकेतल्या अ‍ॅडमिशनच्या गप्पा मारणारे आपण रूम पार्टनर ठरवताना आधी आडनाव विचारतो. खोटं वाटत असेल तर फर्स्ट इयरची रूम वाटप होते त्या दिवशी व्हरांड्यात उभे राहून ऐका. मीही विचारलंय, दोन वर्षांपूर्वी.

आमच्या रूममधली तिसरी कॉट यंदा रिकामी आहे. ज्याला यायचं त्याने गादी घेऊन यावं. पंख्याचा आवाज येतो, तेवढं चालवून घ्यावं लागेल.