बारा गुणांचे नागरिकत्व

दहावीच्या इतिहास व राज्यशास्त्राच्या ४० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत राज्यशास्त्राच्या वाट्याला १२ गुण येतात. तेवढ्यासाठी कोण जीव काढतो? शेवटच्या आठवड्यात पाठ करायचे आणि पेपर देऊन मोकळे व्हायचे, हा रिवाज पालकांना मान्य आहे आणि शाळांनाही. त्यात अभ्यासक्रमाची मांडणी अशी की सहावीत ग्रामपंचायत, सातवीत संविधान, आठवीत संसद, नववीत परराष्ट्र धोरण आणि दहावीत निवडणुका व पक्ष. म्हणजे ज्या संस्थेशी माणसाचा जन्मभर संबंध येणार, ती अकराव्या-बाराव्या वर्षी एकदा शिकवून बाजूला ठेवली जाते. मतदारयादीत नाव लागेपर्यंत मध्ये सहा वर्षे जातात. पुस्तकात जे छापले आहे ते गावात दिसेलच, याचीही खात्री नाही. लातूरसह राज्यातील अनेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. त्या वर्षी सहावीत गेलेल्या मुलाने ‘जिल्हा परिषदेचे सदस्य जनतेकडून निवडले जातात’ हे वाक्य घोकले आणि आठवी ओलांडली तरी लोकांनी निवडलेली जिल्हा परिषद त्याच्या जिल्ह्यात नव्हती. असे का झाले, हा नागरिकशास्त्रातला उत्तम प्रश्न होता. तो कोणत्याही परीक्षेत आला नाही.

हा विषय पुस्तकाबाहेर कसा शिकता येतो, याचा दाखला मराठवाड्यात किल्लारीइतका दुसरीकडे मिळणार नाही. ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली २४ एप्रिल १९९३ रोजी. पंचायत राज्याला घटनेचे बळ मिळाले आणि पाच महिन्यांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. जी वाचली त्यांना शासन नावाची गोष्ट प्रथमच इतक्या जवळून भेटली: पंचनामा, यादी, यादीतून सुटलेले नाव, सातबाऱ्यावरचा वारस, मदतीचा हप्ता. ५२ गावे नव्या जागी वसवायचे ठरले तेव्हा घर केवढे द्यायचे याचा निकष जमीनधारणा हा होता. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. या एका निर्णयावर आठवीच्या वर्गात महिनाभर चर्चा होऊ शकते. ज्याच्या शेतात बैलबारदाना आणि धान्याची पोती आहेत त्याला जागा जास्त लागते, हा एक युक्तिवाद. भूकंपाने सगळ्यांचेच छप्पर नेले असताना शासनाच्या पैशाने जुनी विषमता विटा-सिमेंटमध्ये पक्की का करायची, हा दुसरा. जमीन बापाच्या नावावर आणि संसार तीन मुलांचे, तेव्हा घरे किती, हा तिसरा आणि बहुधा सर्वांत अवघड. घटनेचे समानतेचे १४वे कलम पाठ करून जे कळत नाही ते या तीन आकड्यांपुढे बसल्यावर कळते.

याच पुनर्वसनात एक अधिक मोलाची गोष्ट घडली. जी गावे हलवायची नव्हती तिथल्या दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनी स्वतः उभे राहून करून घ्यायचे होते. जागतिक बँकेच्या कर्जावर चाललेल्या या कार्यक्रमात लोकसहभागाचे काम ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे आले आणि गावोगावच्या महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. यातल्या अनेकींचे शिक्षण जेमतेम. पण कोणता हप्ता कोणत्या टप्प्यावर सुटतो, अभियंत्याने काय तपासायला हवे, भिंतीत आडवा पट्टा कुठे यायला हवा, हे त्यांनी शिकून घेतले, शेजारणींना समजावले आणि प्रसंगी कार्यालयात जाऊन विचारलेही. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा इथल्या बायका तिकडच्या बायकांना हे सगळे सांगायला गेल्या. पदवीधराला जे तहसीलच्या पायरीवर सुचत नाही ते त्यांना सुचत होते, कारण शासन म्हणजे काय हे त्या व्याख्येतून नव्हे, कामातून शिकल्या. नागरिकत्वाचे शिक्षण प्रत्यक्ष कारभारातून द्यावे असे आम्ही म्हणतो, त्यामागे हा अनुभव आहे.

आज लातूर जिल्ह्यात राज्यघटना सर्वांत बारकाईने कोण वाचते? स्पर्धा परीक्षेची मुले. अभ्यासिकांतून रात्री उशिरापर्यंत कलमे, अनुसूच्या, घटनादुरुस्त्या यांची उजळणी चालते. राज्यपालांचे अधिकार तोंडपाठ असलेल्या या मुलांपैकी कितींनी आपल्या गावचा ग्रामनिधीचा जमाखर्च पाहिला असेल? लातूर पॅटर्नने गुण कसे मिळवावेत हे राज्याला शिकवले आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण घटना ही अधिकारी होण्यासाठी वाचायची वस्तू आहे, ज्याला अधिकारी व्हायचे नाही त्याचा तिच्याशी संबंध नाही, हा समज त्याच वाटेने रुजला. शाळांत २०२० पासून उद्देशिकेचे सामूहिक वाचन सुरू झाले. चांगलेच झाले, मात्र रोज वाचलेली गोष्ट रोज कळतेच असे नाही.

नागरिकत्व प्रत्यक्ष कारभारातून शिकवण्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: शाळेत राजकारण शिरेल. भीती खोटी नाही. सरपंचाच्या विरोधी गटातल्या शिक्षकाने मुलांना ग्रामपंचायतीचे हिशेब वाचायला लावले तर काय होईल, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. पण राजकारण शाळेत आधीच आहे, मुले घरून ते घेऊनच येतात. वर्गात नसते ती कागद समोर ठेवून बोलण्याची सवय. इंग्लंडने २००२ पासून माध्यमिक शाळांत नागरिकत्व हा विषय सक्तीचा केला तेव्हाही हीच शंका निघाली होती. तिथे वादाच्या विषयांत दोन्ही बाजू मांडणे शिक्षकावर बंधनकारक आहे. तसा नियम इथेही करता येईल. दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो जास्त वजनाचा आहे. मतदारयाद्या, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती यांतून वेळ उरतो कुठे? गंमत अशी की मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून गावाची मतदारयादी ज्याच्या पिशवीत असते, तोच शिक्षक वर्गात ‘मतदारयादी म्हणजे काय’ याची चार ओळींची व्याख्या फळ्यावर लिहितो. ती यादी पिशवीतून काढून बाकावर ठेवली, तर धडा वेगळा घ्यावा लागणार नाही. आधी हक्क नको, कर्तव्ये शिकवा, असेही काही जण म्हणतात. पण ग्रामसभेला जाणे हे कर्तव्य नाही तर काय आहे?

ग्रामसभेचेच घ्या. गणपूर्तीसाठी गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतील कमी संख्या पुरते. तेवढेही जमले नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग पुढच्या तारखेला मोजक्या माणसांत घरकुलाची यादीही मंजूर होऊ शकते आणि पाण्याच्या टाकीची जागाही ठरू शकते. हा नियम नववीच्या मुलांना ठाऊक असेल आणि २६ जानेवारीच्या सभेत मागे बसून त्यांनी एकदा तो घडताना पाहिला, तर पुढे मतदार म्हणून ती तहकुबीला सहज मान डोलावणार नाहीत. त्यांना तिथे मत नाही, ऐकायला मात्र हरकत नसावी. सामाजिक शास्त्रांच्या १०० पैकी २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. त्यातले निम्मे या कामाला द्यावेत, म्हणजे गुणांच्या हिशेबाने चालणारे पालकही अडवणार नाहीत. महाराष्ट्रात शाळा व्यवस्थापन समितीवर विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असतात. ते सहीपुरते आहेत की बैठकीत बोलतात, हे तपासण्यापासून मुख्याध्यापकांना सुरुवात करता येईल.

राहिला प्रश्न साधनांचा. भूकंप पुनर्वसनाच्या लाभार्थी याद्या, गावांचे नकाशे, घरवाटपाचे निकष, तक्रारींवरचे निर्णय हा सारा दस्तऐवज सरकारी कामकाजातूनच तयार झालेला आहे. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून तो कोणालाही मागता येतो. मात्र शाळेला अर्ज करून ३० दिवस वाट पाहायला लावण्यापेक्षा लातूर आणि धाराशिवच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आपणहून, खासगी तपशील वगळून, ५२ गावांच्या शाळांना आपापल्या गावाची एकेक प्रत द्यावी. दर ३० सप्टेंबरला किल्लारीत अधिकारी आणि लोकप्रतिनिधी श्रद्धांजलीला येतात. या वर्षी येताना त्यांनी त्या प्रती सोबत आणाव्यात.