वजनकाटा नसेल, तर झिपलाइन नको

सुट्ट्या लागल्या की लोणावळा, कर्जत, पाचगणीकडे जाणाऱ्या कुटुंबांच्या कार्यक्रमात आता झिपलाइन हमखास असते. कमरेला पट्टे बांधायचे, कप्पीला अडकायचे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तारेवरून सुसाट जायचे. आधी जाऊन आलेल्याला सगळे एकच विचारतात, ‘भीती वाटते का? पोटात गोळा येतो का?’ खरे तर तिकिटाच्या खिडकीवर विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ‘वजन कुठे करता?’ वेगवान झिपलाइनवर आपण उंचीला आणि वेगाला घाबरतो. धोका मात्र बहुतेक वेळा दुसरीकडेच, तारेच्या दोन टोकांशी बसलेला असतो. म्हणून या खेळात शरीराचे काय होते आणि भीती नेमकी कुठे खर्च करावी, हे समजून घेतले पाहिजे.

मुळात ही काही नवी करामत नाही. हिमालयातल्या नद्या ओलांडायला माणसे पिढ्यानपिढ्या दोरावरून ये-जा करत आली आहेत. कोस्टा रिकाच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांवरचे जीवन अभ्यासण्यासाठी १९७०च्या दशकात जीवशास्त्रज्ञांनी दोर बांधले आणि पुढे तिथेच त्याचे पर्यटन झाले. नवा आहे तो वेग. वेल्समधल्या पेनरिन या पाटीच्या दगडाच्या खाणीवर २०१३ मध्ये सुरू झालेली तार सुमारे दीड किलोमीटर लांब आहे आणि तिच्यावर ताशी १६० किलोमीटरपर्यंत वेग मिळतो. संयुक्त अरब अमिरातीत रास अल खैमाच्या जेबेल जैस डोंगरावर २०१८ मध्ये सुरू झालेल्या २.८३ किलोमीटरच्या तारेची नोंद जगातली सर्वात लांब झिपलाइन म्हणून गिनीज बुकात झाली. पोखऱ्याची तार १.८ किलोमीटरची असून तिचा उतार ६०० मीटरचा आहे. दुबईला किंवा नेपाळला जाणारे आपले पर्यटक या तारांपर्यंत पोहोचू लागले आहेत.

इतका वेग येतो कुठून? कप्पीला मोटर नसते. उंचीवरून खाली येताना मिळणारी ऊर्जा हेच तिचे इंधन. हवेचा आणि कप्पीचा अडथळा अजिबात नसता, तर ६०० मीटर खाली येणाऱ्या माणसाचा वेग ताशी ३९० किलोमीटर झाला असता. पोखऱ्यात तो प्रत्यक्षात १२० च्या पुढेमागे राहतो. बाकीची बहुतेक ऊर्जा हवा खाते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, त्यामुळे काही सेकंदांनी ओढ आणि विरोध यांची बरोबरी होते आणि वेग वाढायचा थांबतो. अतिवेगवान तारांवर माणसाला बसवण्याऐवजी पालथे झोपवून, डोके पुढे करून पाठवतात, त्याचे कारणही हेच. हवेला समोरून दिसणारे शरीर जितके लहान, तितका वेग जास्त.

आता शरीराला काय जाणवते ते पाहू. पाळण्यात किंवा रोलर कोस्टरवर पोटात जो खड्डा पडतो, तो क्षणभर वजन नाहीसे झाल्यासारखे होते म्हणून. झिपलाइनवर तसे फारसे होत नाही. पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली, अशा उताराच्या तारेवर तुम्हाला पुढे खेचणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतका असतो. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा वेग मोजत नाही, वेगातला बदल मोजते. त्यामुळे वेग एकदा स्थिरावला की कानाच्या दृष्टीने तुम्ही जवळपास स्थिर असता. डोळे वेग ओळखतात ते जवळून मागे पळणाऱ्या वस्तूंवरून. खोल दरीवर जवळ काहीच नसते, म्हणून ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारा माणूस खाली उतरल्यावर म्हणतो, ‘तरंगल्यासारखं वाटलं.’ आणि शेवटी जमीन जवळ आली, झाडे आणि प्लॅटफॉर्म अंगावर येऊ लागले, की वेग एकदम वाढल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तेव्हा तो कमी होत असतो.

खरी जाणीव होते ती वाऱ्याची. कानात मोठा घोंघाट, डोळ्यांत पाणी, श्वास घेताना तोंडावर दाब. चष्मा बांधलेला नसेल तर जातो, कॉन्टॅक्ट लेन्स निघू शकते. ओढणी, मोकळे केस, लांब गळ्यातले हे तर कप्पीत अडकण्याचे आमंत्रणच. खिशातला मोबाइल दरीत जातो. पालथे जायचे असेल तर मान सतत वर धरावी लागते. तीन किलोमीटरची तारही दीड-दोन मिनिटांत संपते, पण मानेचा जुना त्रास असलेल्याला तेवढा वेळही पुरतो. तारेच्या जवळ हात नेणे हा मात्र सगळ्यात घातक मोह. धावत्या कप्पीखाली आलेले बोट वाचत नाही.

हृदयाची कहाणी तार सुटण्याआधीच सुरू होते. रांगेत उभे असताना, पुढचा माणूस किंचाळत निघून गेल्यावर अ‍ॅड्रेनलिन वाढते, नाडी धावू लागते, रक्तदाब चढतो, तळहातांना घाम येतो. धडधाकट माणसाला हे झेपते. किंबहुना उतरल्यावर वाटणारा तजेला त्यातूनच येतो. पण हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, पाठीच्या मणक्याचा आजार, निखळलेला खांदा, फिट्स येण्याचा इतिहास किंवा गर्भारपण असेल, तर ही मौज टाळलेलीच बरी. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला बसलेला किरकोळ मारही गंभीर ठरू शकतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: साखर खाली जाण्याची आणि घाबरण्याची लक्षणे जवळपास सारखीच असतात. थरथर, घाम, धडधड. त्यामुळे रांगेत उपाशी उभे राहू नये. पोट तुडुंब भरून किंवा मद्य घेऊन जाण्याचा तर प्रश्नच नाही.

हे सगळे विचारणारा एक फॉर्म बहुतेक ठिकाणी भरून घेतात. आपण तो न वाचता सही करतो, कारण ‘झाले तर जबाबदारी आमची नाही’ एवढाच त्याचा अर्थ आपल्याला माहीत असतो. काही जण बीपीची गोळी मुद्दाम लपवतात. भरलेले पैसे वाया जातील, घरच्यांसमोर बाजूला उभे राहावे लागेल, म्हणून. आयोजकालाही तो फॉर्म कोर्टकचेरीपुरताच हवा असतो. दोन्ही बाजूंनी वैद्यकीय माहितीचा कागद असा निव्वळ सहीचा कागद होऊन बसला आहे.

आता वजनाकडे येऊ. वजन दुप्पट झाले तरी शरीराची वाऱ्याला अडणारी बाजू दुप्पट होत नाही. म्हणून जड माणूस अधिक वेगाने जातो, हलका माणूस हळू. समोरून वारा असेल तर हलका माणूस शेवटच्या टप्प्यापर्यंत न पोहोचता मधेच थांबू शकतो. मागून वारा असेल तर जड माणूस अपेक्षेपेक्षा जोरात येऊन धडकू शकतो. म्हणूनच चांगल्या ठिकाणी किमान आणि कमाल वजनाची अट असते, वाऱ्याचा वेग मोजला जातो आणि गरज पडल्यास तार बंद ठेवली जाते. काही ठिकाणी जड माणसाच्या मागे छोटी छत्री लावून वेग आवरतात. वजनकाट्यावर उभे करणारा आयोजक तुमचा अपमान करत नसतो. तो तुमचा वेग मोजत असतो. ज्याच्याकडे काटाच नाही, त्याला तुमचा वेग ठाऊक नाही. आणि ज्याला वेग ठाऊक नाही, तो ब्रेकचे गणित कशाच्या आधारावर करणार?

ब्रेकचे गणित सोपे आहे, पण निर्दय आहे. मधोमध झोळ असल्याने तार शेवटी किंचित वर चढते आणि वेग आपोआप घटतो. उरलेला वेग स्प्रिंग किंवा दोरीचा ब्रेक शोषून घेतो. ताशी ६० किलोमीटरने येणारा माणूस १५ मीटरमध्ये थांबवला, तर त्याला मागे खेचणारा जोर जवळपास त्याच्या स्वतःच्या वजनाइतका असतो. तोच माणूस ३ मीटरमध्ये थांबवला, तर तो जोर वजनाच्या सुमारे पाचपट होतो. अशा वेळी पाय पुढे झुलतात, मान झटकते आणि ठिसूळ हाडांच्या ज्येष्ठांचा मणका धोक्यात येतो. म्हणून एक मुख्य ब्रेक आणि तो चुकला तर आपोआप लागणारा दुसरा, अशी दुहेरी सोय असायलाच हवी. गोणपाट किंवा गादी बांधलेले झाड म्हणजे ब्रेक नव्हे. हातमोज्याने दोरी धरून उभा असलेला एकटा मुलगा म्हणजेही नव्हे.

अपघात कसे होतात याचा सर्वात उपयोगी अभ्यास अमेरिकेतला आहे. १९९७ ते २०१२ या काळात तिथल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत झिपलाइनमुळे जखमी झालेले सुमारे १६,८५० जण आले, असा तो अंदाज सांगतो. त्यात घरच्या अंगणात बांधलेल्या तारांवरचेही अपघात आहेत. साधारण तीन चतुर्थांश दुखापती खाली पडल्यामुळे झाल्या होत्या, तर आठांत एखादी धडकेमुळे. जवळपास निम्म्या जखमींचे हाड मोडले होते आणि ४५ टक्के जखमी दहा वर्षांखालची मुले होती. म्हणजे मुख्य शत्रू पडणे हा आहे. तीस फुटांवरून पडणारे शरीर जमिनीवर ताशी ४८ किलोमीटर वेगाने आदळते. त्याला तारेवरच्या १५० च्या वेगाची गरज नसते. महाराष्ट्रात २०२५ मध्ये झालेला एक मृत्यू तर प्रवास सुरू होण्याच्याही आधीचा, सुरक्षा दोरी अडकवण्याच्या वेळी प्लॅटफॉर्मवरून पडल्याने झाला होता.

त्यामुळे घाबरायचे असेल तर प्लॅटफॉर्मवर घाबरावे आणि त्या भीतीचे प्रश्न करावेत. पायऱ्या चढून वर पोहोचताच, कठड्याजवळ जाण्याआधी मला दोरी अडकवली का? कप्पीशी जोडणारे पट्टे दोन स्वतंत्र आहेत का? एकाने बांधलेले पट्टे दुसऱ्या कर्मचाऱ्याने तपासले का? पलीकडचा माणूस उतरून बाजूला झाल्याचा निरोप वॉकीटॉकीवर आला का? लहान मुलाला नुसता कमरेचा पट्टा आहे की छाती-खांद्यांसह संपूर्ण हार्नेस? मुलांची कंबर अरुंद असते, वरचे शरीर जड असते. ती उलटी झाली तर कमरेच्या पट्ट्यातून निसटू शकतात. मधेच अडकलात तर सोडवायला कोण आणि कसे येणार, हेही विचारावे. हार्नेसमध्ये बराच वेळ निश्चल लटकल्यास रक्त पायांत साचते आणि भोवळ येऊ शकते. तशी वेळ आली तर मदत येईपर्यंत पाय हलवत राहावे.

पण हे सगळे ग्राहकानेच तपासायचे, असे म्हणणे अर्धेच न्याय्य आहे. तारेच्या आतला तुटलेला धागा, झिजलेले बेअरिंग किंवा मुदत संपलेला पट्टा पर्यटकाला दिसणार नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी बंधनकारक केली. ती तरतूद कागदावरून तिकीटखिडकीवर यायला हवी. नोंदणी क्रमांक, शेवटच्या तांत्रिक तपासणीची तारीख, वजनाच्या मर्यादा आणि वाऱ्याच्या किती वेगाला तार बंद होते, या चार ओळींचा मराठी फलक प्रत्येक ठिकाणी दर्शनी लावायला लावणे अवघड नाही. हॉटेलच्या लिफ्टला तपासणीचा परवाना लागतो. दरीवरून माणसे सोडणाऱ्या तारेला त्याहून कमी चालणार नाही. लहानमोठ्या अपघातांची नोंद एकत्र करून ती जाहीरही करायला हवी. अमेरिकेतली आकडेवारी आपल्याला सांगावी लागते, कारण आपली आपण गोळाच केलेली नाही.

आणि एक सवय आपली आपणच मोडायची आहे. प्लॅटफॉर्मवर जाऊन थबकलेल्या मुलाला, आईला किंवा मित्राला ‘घाबरतोस काय, सगळे गेले की’ म्हणत पुढे ढकलण्याची. शेवटच्या क्षणी नाही म्हणणारा माणूस भित्रा नसतो. कधी त्याच्या छातीत खरोखर दुखत असते, कधी पट्टा सैल असल्याचे फक्त त्यालाच कळलेले असते. चांगला आयोजक अशा माणसाला काही न बोलता मागच्या पायऱ्यांनी खाली जाऊ देतो. कुटुंबानेही तेवढा मोठेपणा दाखवावा. तारेवरची दीड-दोन मिनिटे खरोखर सुंदर असतात. वजन करून, प्रश्न विचारून आणि स्वतःच्या मर्जीने गेले, तर ती मनापासून उपभोगताही येतात.